जमा पावती

भाऊ इचलकरंजीहून फोनवर म्हणाला,
तूच बघ काय ते, माझ्या घरात लहान पोरं आहेत.
जणू माझ्या घरात
तेवढीच एक जागा रिकामी होती.

म्हणून आज निपाणीहून साडेआठची लाल बस,
मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी,
पिशवीत अण्णांचं पिस्तूल, रिकामं,
त्यांच्याच उपरण्यात गुंडाळलेलं.
तवंदीच्या घाटात बस वळली
तसं ते कलंडलं,
झोपेत लेकरू कूस बदलतं तसं.
स्तवनिधी आली. हात जोडायला
पिशवीवरचा हात काढावा लागला.

आमच्याकडे पाणी गाळून पितात.
दिवस मावळायच्या आत ताटं उचलतात.
भाजीतली अळी आई पानासकट
परसात नेऊन सोडायची.
आणि कपाटात, धोतरांच्या घडीखाली, हे.
तंबाखूच्या हंगामात अण्णा वखारीची रोकड घेऊन
रात्री-अपरात्री कोल्हापूरहून यायचे,
म्हणून शेठनी परवाना काढून दिला.
शेठ गेले, वखार गेली, जीपही भंगारात गेली,
परवाना तेवढा नवा होत राहिला.

एकदाही उडवलं नाही, अण्णा सांगायचे.
उडवलं नाही, पण उशाला आहेच की,
आई तांदूळ निवडता निवडता म्हणायची.

निवडणूक लागली की हुकूम यायचा,
हत्यार ठाण्यात जमा करा.
आमदारकीची, खासदारकीची, कधी पंचायतीची,
कन्नडमधल्या पावत्या
एका तारेला ओवलेल्या. एकवीस.
काल रात्री मोजताना आठवलं,
त्या महिन्यांत अण्णा घोरायचे.
एरवी पत्र्यावर मांजर चाललं तरी
उठून बसणारा माणूस,
आचारसंहितेत
सकाळी हलवून जागा करावा लागायचा.

बेळगावात हिरेमठांनी काचेवर उपरणं सोडलं.
शेजारी दुसरं आणून ठेवलं, अगदी तसंच,
त्याच कारखान्याचं, जवळपास त्याच सालचं,
धारवाडच्या कुणा डॉक्टरांचं, पोरांनी सोडून दिलेलं.
इट्कोतीरेन्री, बिडतीरेन्री?
ठेवायचंच असेल तर बदलून हे घ्या,
याचा घोडा हलका आहे, तुमच्या हाताला बरा.

दोन्ही हातात घेऊन पाहिली. जागा बदलल्या.
मग एक उचलून म्हटलं, हे अण्णांचं.
त्यांनी चष्मा वर करून नंबर वाचला.
ते डॉक्टरांचं होतं.

चाळीस वर्षं ज्याला भीत आले
ते मला ओळखताही आलं नाही.

मग दुसरं नाकाशी नेलं, का ते ठाऊक नाही,
आणि मुठीच्या लाकडातून, स्क्रूच्या खाचेतून
अख्खी वखार बाहेर आली,
जर्दा, ओलं गोणपाट,
अण्णांच्या सदऱ्याची काख,
आणि शिंक.
एकच, सणसणीत.

हिरेमठांचं बोट फॉर्मवर, सहीच्या जागी होतं.
ते त्यांनी उचललं.
शिंकेचा मान तेही राखतात.
पोराला पाणी आणायला पाठवलं. म्हणाले,
घाई नाही अक्का, जमा ठेवा आमच्याकडे,
महिन्याला तीनशे.

तीनशे रुपये,
एक वस्तू घरात नसण्याचं भाडं.
मी तीन महिन्यांचे मोजले.

कारण काय लिहू, त्यांनी विचारलं.
निवडणूक लिहा.
कुठली? यंदा तर कुठलीच नाही.
लिहा हो.
त्यांनी लिहिलं की नाही, पाहिलं नाही,
पावती घडी करून डब्याच्या झाकणात ठेवली,
तारेवर बाविसाव्याला जागा आहे.

पिशवी हलकी झालेली. खिडकीशी जागा मिळाली.
संकेश्वर कधी गेलं, घाट कधी उतरला,
काही कळलं नाही.
कुणीतरी खांदा हलवत होतं.
एळ्री अक्का,
निप्पाणी बंतु.